सूट मोठा, पण मोऱ्या किती?

जगात जर्मनी, भारतात परभणी! हे वाक्य न ऐकता मोठा झालेला परभणीकर दाखवा आणि बक्षीस मिळवा. यातली परभणी आम्हाला पाठच होती. जर्मनीशी संबंध मात्र यंदा आला, तोही क्रूझच्या निमित्ताने.

झालं असं की, आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. हॉल, पंगत, आहेर हे सगळं दोघांनी एका सुरात नाकारलं. ‘सगळी एकत्र चार दिवस कुठंतरी राहू,’ एवढीच मागणी. धाकट्याने लगेच व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, नाव ठेवलं ‘जर्मनी-परभणी’, आणि बंगलोरहून क्रूझचे फोटो धाडायला सुरुवात केली. आता मोजा. आई-बाबा दोन. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मुक्काम परभणी, शेती मानवतकडे. ताई, भाऊजी आणि त्यांची दोन, मुक्काम संभाजीनगर. मी, नवरा आणि आमचं एक पिल्लू, पुणे. वर सडाफटिंग धाकटा. एकूण चौदा!

आणि मंडळी, चौदा जणांचा सूट खरोखर असतो. २००६ साली ‘फ्रीडम ऑफ द सीज’ नावाचं जहाज आलं. तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज होतं. त्यावर चौदा माणसांचा एक फॅमिली सूट आहे. चार बेडरूम, हॉल आणि बाल्कनीत गरम पाण्याचा टब. आपली जर्मनीही मागे नाही. तिथे पापेनबुर्ग म्हणून गाव आहे. समुद्रकाठी नाही हं, आपल्या गंगाखेडला गोदावरी तशी त्याला एम्स नदी. तिथल्या मायर वेर्फ्ट या गोदीत अवाढव्य जहाजं बांधतात आणि नदीतून हळूहळू समुद्रापर्यंत नेतात. २००१ साली तिथून ‘नॉर्वेजियन स्टार’ बाहेर पडलं, तीन-तीन बेडरूमचे दोन ‘गार्डन व्हिला’ डोक्यावर घेऊन. २०१६ सालचं ‘गेंटिंग ड्रीम’ही तिथलंच. सध्या सिंगापूरहून सुटणाऱ्या या जहाजावर आपली बरीच मराठी मंडळी जाऊन आलीत.

धाकट्याने चौदा जणांच्या सूटचा फोटो टाकला. मुलांनी पन्नास बदाम पाठवले. आईने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘मोऱ्या किती?’

हसू नका. मोठा सूट निवडण्याचा अख्खा फंडा या प्रश्नात आहे. जाहिरातीत चौरस फूट असतात, झुंबर असतं, एखादा पियानोही असतो. पण सकाळी साडेसातला जहाज बंदराला लागतं, आठला फिरायला उतरायचं असतं आणि चौदा माणसांना एकाच वेळी अंघोळ करायची असते. तेव्हा पियानो काय कामाचा? म्हणून सूटचा नकाशा मागवा आणि तीन गोष्टी मोजा : मोऱ्या, दरवाजे आणि खऱ्या खाटा.

खऱ्या म्हणजे काय? तर ‘चौदा जणांची सोय’ याचा अर्थ चौदा पलंग असा नसतो. काही जण हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. काहींसाठी भिंतीतून किंवा छतातून खाली येणारी खाट असते, तिला पुलमन म्हणतात. अमेरिकेतल्या झोपायच्या रेल्वे डब्यांचं हे नाव. देवगिरी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर आयुष्य काढलेल्या परभणीकराला त्यात नवल नाही. पण हॉलमधल्या सोफ्यावर कोण झोपणार, हे आधी ठरवायला हवं. ताईची मुलगी पंधरा वर्षांची आहे. रात्री दोनला पाणी प्यायला उठलेला प्रत्येक काका आणि मामा तिच्या उशाशेजारून जाणार असेल, तर तिच्यासाठी तो सूट नाही, वेटिंग रूम आहे.

आणखी एक. आपल्याकडे लग्नघरी तीन खोल्यांत तीस माणसं झोपतात. ‘एक गादी खाली टाकू’ हा मराठवाड्याचा राष्ट्रीय उपाय! जहाजावर तो चालत नाही. खोलीची मर्यादा चार म्हणजे चारच, आणि कडेवरचं बाळही त्यात धरतात. प्रत्येक माणसामागे लाइफ जॅकेट लागतं, संकटात जमायची जागा नेमलेली असते, बचाव-नौकांमधल्या जागांचा हिशेब असतो. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडालं तेव्हा सगळ्यांना पुरतील इतक्या बचाव-नौका त्यावर नव्हत्या. त्यानंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामुळे ‘साहेब, लहान पोरगं आहे, अॅडजस्ट करा’ हे वाक्य घरीच ठेवून निघा.

आता पैशांकडे येऊ. इथेच खरी गंमत, आणि खरं टेन्शनही.

समजा, सूट सात लाखांचा आहे. सोपा आकडा घेतला, भाव सीझनप्रमाणे बदलतात. माणशी वाटले तर डोई पन्नास हजार. म्हणजे दादाचे दोन लाख, शिवाय आई-बाबांच्या खर्चातला चौथा हिस्सा. धाकट्याचे फक्त पन्नास हजार आणि तो हिस्सा. हे नको, तर चार भावंडांत सारखे वाटा. प्रत्येकी पावणेदोन लाख. मग धाकटा एका सोफ्याचे पावणेदोन लाख देणार आणि दादा चार जणांचे तेवढेच. कुठलाही हिशेब मांडा, कुणाच्या तरी मनात खडा राहतोच.

धाकट्याने एका मिनिटात तोडगा काढला. ‘कशाला हिशेब? पूर्ण सूट माझ्याकडून!’ मुलांनी पुन्हा बदाम पाठवले. दादाचं उत्तर तीन तासांनी आलं. ‘मग तुम्ही जाऊन या. आम्हाला सोयाबीनचं बघायचंय.’

ग्रुप एकदम चिडीचूप.

सोयाबीनचं तसं बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते तुम्ही वाचलं असेल, दादाने तो बांधावर उभं राहून पाहिला. पैसे कमी आहेत हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सगळ्यांना माहीत आहे हे दादालाही माहीत होतं. धाकट्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण ज्याने सूट घेतला तो यजमान होतो आणि बाकीचे पाहुणे. आपल्या धाकट्या भावाकडे चार दिवस पाहुणा म्हणून राहायचं, तेही आई-बाबांच्या पन्नासाव्याला? थोरल्या भावाला हे जड जाणारच ना?

मी वहिनीला फोन लावला. वाटलं, ती दादाची समजूत काढेल. वहिनी भलतंच बोलली. ‘माय, पैशाचं राहू द्या. मला सांगा, त्या सूटात सकाळचा चहा कोण करणार? चौदा जणांच्या पिशव्या कोण उचलणार? सगळी एका घरात म्हटल्यावर मी आपोआप पाचला उठणार. त्यापेक्षा लहानशी खोली बरी. पण कडी माझी मला आतून लावता आली पाहिजे.’

चौदा माणसांत मोऱ्या मोजणारी आई आणि कडी मागणारी वहिनी, या दोघींना जे कळलं ते एकाही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नाही. मोठा सूट म्हणजे तरंगतं एकत्र कुटुंब. घरात जी उतरंड असते ती बॅगेतून सोबत येते. वेटर कितीही असोत, सून सूनच राहते.

मग उपाय काय? आम्ही जो काढला तो सांगते, तुमच्याही कामाला येईल.

पहिलं, जहाज आपल्या आवाक्यातलं घ्या. ‘फ्रीडम’ काही मुंबईहून सुटत नाही. सिंगापूर म्हटलं की चौदा पासपोर्ट, चौदा व्हिसा आणि चौदा विमानाची तिकिटं. मुंबईहून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ २०२१ च्या सप्टेंबरपासून प्रवासी नेऊ लागलं. जहाज १९९० चं, आधी रॉयल कॅरेबियनकडे होतं. त्यावर सूट आहेत, मिनी सूट आहेत, चौदा जणांचा महाल मात्र नाही. गोव्यापर्यंतच्या फेरीला सरकारी ओळखपत्र पुरतं. देवगिरीने सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर अगदी जवळ. फक्त आदल्या दिवशी मुंबई गाठा. गाडी दोन तास लेट झाली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसरं, खोल्या वेगवेगळ्या पण शेजारी-शेजारी घ्या. काही जहाजांवर दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार असतं. काही ठिकाणी दोन बाल्कन्यांमधला पडदा उघडून देतात. बुकिंग करतानाच विचारा, नंतर मिळेलच असं नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची मोरी, स्वतःची कडी आणि स्वतःचं बुकिंग. यात मोठा फायदा असा की, ऐन वेळी कुणाकडे सोयरीक निघाली किंवा पोराची परीक्षा आली, तर फक्त त्याचीच खोली रद्द होते. सूट एक असला तर एकाच्या गळतीचा भुर्दंड सगळ्यांना. जहाजावरचा खर्च कार्डावर चढतो, तेव्हा प्रत्येकाचं खातंही वेगळं ठेवायला सांगा. कुणी किती मॉकटेल प्यायले यावर आयुष्यभर चर्चा नको!

तिसरं, थोरल्यांची खोली जागा पाहून निवडा. आलिशान सूट बरेचदा वरच्या मजल्यांवर, नाही तर टोकाला असतात आणि जहाज हलतं ते तिथेच जास्त जाणवतं. मळमळ होणाऱ्यांना खालचा मजला आणि जहाजाचा मध्य बरा. गुडघे दुखत असतील तर लिफ्टपासून फार लांब नको. पावसाळ्यातला अरबी समुद्र तर विसराच.

चौथं, आणि हे फार कमी लोक विचारतात : सूटवाल्यांना वेगळं काय मिळतं? मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांचं रेस्टॉरंट आणि पोहण्याचा तलावही वेगळा असू शकतो. दार तुमच्या कार्डाने उघडतं, शेजारच्या खोलीतल्या चुलतभावाच्या कार्डाने नाही. दोन भावांची मुलं एका दाराशी वेगळी होणार असतील तर तो सूट फुकट मिळाला तरी घेऊ नका. घरात ज्या भिंती आपण बांधल्या नाहीत, त्या जहाजावर पैसे देऊन का बांधायच्या?

मग धाकट्याचं काय? त्याच्या हौसेला वाट हवीच होती. बाबांनी ग्रुपवर पहिल्यांदाच व्हॉइस मेसेज टाकला. ‘आमची खोली धाकटा करील. बाकी ज्याची त्याची ऐपत, ज्याची त्याची खोली. दिवसा सगळ्यांनी आमच्याकडं बसायचं.’ विषय संपला. मिनी सूट आई-बाबांचा, धाकट्याकडून आहेर म्हणून. आहेर आई-बापाला दिला की त्यात कुणी पाहुणा होत नाही. त्यातली बैठकीची जागा म्हणजे आमची ओसरी. पत्ते, गप्पा, भांडणं सगळी तिथेच. धाकटा स्वतः ताईच्या मुलाबरोबर एका खोलीत. ताईने आणि मी खिडकीच्या खोल्या घेतल्या. दादाने बिनखिडकीची, सगळ्यात स्वस्त. ‘झोपायलाच तर जायचंय,’ म्हणाला. यावर कुणी काही बोललं नाही, बोलायचंही नव्हतं.

तेव्हा मंडळी, तुमच्याही ग्रुपवर कुणी सूटचा फोटो टाकला तर आधी बदाम पाठवू नका. मोऱ्या मोजा. कड्या मोजा. घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला वेगळा फोन करून विचारा, त्याला काय परवडतं आणि काय नको आहे. मग खुशाल चौरस फुटांवर या.

दादाने त्याच्या खोलीची आगाऊ रक्कम परवा कापूस विकून भरली. पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर नाही. मुलांनी पन्नास बदाम पाठवले. वहिनीने मात्र मला वेगळा मेसेज केला : ‘दाराला आतून कडी असते ना, नक्की?’

असते, वहिनी. मी विचारून घेतलंय.