वसईच्या तहांतील एक कलम

वसईच्या तहाची गोष्ट निघाली कीं आपल्या शहरांत एकच निकाल ऐकूं येतो : बाजीराव पळपुटा, म्हणून राज्य गेलें. एका माणसाच्या माथीं दोष मारला म्हणजे करारनामा वाचण्याचे श्रम वांचतात. आमच्या मतें पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें तो अवश्य वाचावा.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा मोड केला. बाजीराव वसईस गेले, व ३१ डिसेंबरला त्यांनीं कंपनीशीं तह केला. कंपनीचें सहा हजार पायदळ कायमचें ठेवावें व त्याच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा, हीं कलमें सर्वांस ठाऊक आहेत. खरें घातक कलम निराळेंच होतें. कंपनीस आधीं कळवून तिच्याशीं सल्लामसलत केल्यावांचून पेशव्यांनीं दुसऱ्या कोणत्याहि सत्तेशीं बोलणें लावूं नये, असें तें होतें. गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. परंतु आपल्या सावकाराच्या संमतीवांचून दुसऱ्या पेढीची पायरी चढणार नाहीं असें ज्या दुकानदारानें लिहून दिलें, त्याच्या व्याजाचा दर पुढें कोण ठरविणार?

नाना फडणविसांस हें मर्म कळत होतें. १७७७ सालीं फ्रेंचांचा वकील सेंट ल्यूबिन यास त्यांनीं पुण्यांत थारा दिला, तेव्हां इंग्रजांची झोप उडाली. १७९० सालीं त्याच इंग्रजांशीं त्यांनीं टिपूविरुद्ध तह केला. पण कंपनीची कायमची फौज पुण्यांत येऊं दिली नाहीं. नाना १८०० सालीं वारले. पुढें १३ जून १८१७ च्या तहानें परदरबारीं वकील ठेवण्याचा हक्कच गेला. जें बोलावयाचें तें संगमावरील रेसिडेंटामार्फत! पंधरा वर्षांत 'सल्ला घ्या' याचें 'बोलूं नका' झालें. त्या वर्षाअखेर पेशवे, नागपूरकर व होळकर तिघेहि लढले; पण निरनिराळे लढले आणि निरनिराळे हरले.

हा इतिहास आम्ही इंग्रजांस शिव्या देण्यासाठीं उगाळीत नाहीं. आतां बलाढ्य मित्राच्या गादीवर आपण बसलों आहों. भूताननें परराष्ट्रव्यवहारांत आपल्या सल्ल्यानें चालावें, हें कलम इंग्रजांनीं १९१० च्या पुनाखा येथील तहांत घातलें होतें. १९४९ सालीं स्वतंत्र हिंदुस्थाननें तें उचलून आपल्या तहांत ठेवलें ! १९७१ सालीं भूतानास संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळवून देण्यास आपणच साह्य केलें, हें श्रेय आपलेंच. पण कलम गेलें तें २००७ सालीं. भूतान व चीन यांच्यांत १९८४ पासून सीमेच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्यांची बातमी येतांच 'आम्हांस विचारलें काय ?' असें दरडावणारे लोक वसईसाठीं हळहळतांनाहि आम्हांस दिसतात. डोकलामच्या सीमेवर आपल्या सुरक्षिततेचाहि प्रश्न आहे, असें ते म्हणतील. तें खोटें नाहीं. १८०२ सालीं कंपनीहि फ्रेंचांची भीति दाखवीत होती.