पहिली-दुसरीत रोज गाणे व प्रकट वाचन : निवेदन

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : प्राथमिक शाळांत गायन व वाचनाला भाषेच्या तासिकेत हक्काचे स्थान देणेबाबत.

महोदय,

आम्ही डहाणू-तलासरी भागातील पालक व प्राथमिक शिक्षक. आमची बहुतेक मुले घरी वारली बोलतात. पुस्तकाची मराठी त्यांना शाळेत प्रथम भेटते. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे 2021 च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. ते गाठायला गाण्याइतके स्वस्त साधन नाही.

पहिलीतले मूल अख्खी कविता तोंडपाठ म्हणते, बोट मात्र तिसऱ्याच ओळीवर असते. पाठांतर झाले, वाचन झालेच नाही. तीच कविता फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून, शब्दाखाली पट्टी सरकवत, संथ चालीत म्हणून घेतली की काही दिवसांत बोट आणि तोंड जुळते. बोलताना ‘भाकरी’तला ‘क’ निम्मा गिळला जातो. ठेक्यात टाळी देत म्हटले की तो पूर्ण ऐकू येतो आणि लिहिताना सुटत नाही.

याच डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या आणि कुरणशाळा चालवल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात गाणे परिपाठापुरते उरावे, हे बरे नाही. स्नेहसंमेलनाच्या नाचाला महिनाभर सराव मिळतो. त्याला आमची हरकत नाही, पण तेवढा वेळ वाचनगीतांनाही मिळावा.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की पहिली व दुसरीला रोज अर्धा तास गाणे आणि शिक्षकांचे प्रकट वाचन ठेवावे व तो वेळ भाषेच्या तासिकेतच धरावा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांना आहे. त्यामुळे आम्ही संगीत शिक्षक मागत नाही. वर्गशिक्षकांना चार-पाच दिवसांचे प्रशिक्षण आणि शाळेला एक ढोलकी पुरेल. स्पीकरवर गाणी लावून हा तास उरकू नये, एवढे मात्र परिपत्रकात स्पष्ट लिहावे.

आया-आज्यांकडून वारली गाणी मिळवून देवनागरीत त्यांचे वाचनतक्ते करावेत, शेजारी मराठी रूप द्यावे. शिक्षण शक्यतो मातृभाषेतून असावे, असे कायद्याचे कलम 29 सांगते.

पुस्तकांचेही बोलायला हवे. कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असायला हवे. पण पुस्तक फाटले तर भरपाई कोण देणार, या धास्तीने अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप असते. वापराने झिजलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकांकडून होणार नाही, असे लेखी आदेश द्यावेत. फाटके पुस्तक वाचले गेल्याचा पुरावा मानावा.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी याबाबत परिपत्रक काढावे आणि त्याआधी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक व शिक्षक, डहाणू-तलासरी परिसर

सोबत : सह्यांची यादी