दिवसा लाईट पाहिजे

आमच्या लोणीत रात्री एक वाजता जागी असणारी माणसं दोन प्रकारची. (लोणी म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं. लोणी काळभोर नव्हे, लोणी कंदही नव्हे. आणि लोणावळा तर नाहीच नाही, हे हापिसात दर सहा महिन्यांनी नव्यानं सांगावं लागतं.) पहिल्या प्रकारचा माणूस बॅटरी आणि काठी घेऊन रानात दारं धरायला निघालेला असतो, कारण त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची असते. दुसऱ्या प्रकारचा माणूस पुण्याहून वीकांताला आलेला असतो आणि गोधडीत मोबाईल धरून पडलेला असतो. त्याला कुठं जायचं नसतं, कुणी उठवलेलं नसतं, डोळे मिटत असतात. तरी तो झोपत नाही.

पहिल्याला गाव ‘बिचारा’ म्हणतं, दुसऱ्याला ‘वाया गेलेला’. अस्मादिक दुसऱ्या प्रकारात मोडतात, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. पण माझं म्हणणं असं आहे, की या दोघांच्या जागरणावरचा उपाय एकाच जातीचा आहे, आणि पहिल्याच्या बाबतीत तो सगळ्यांना कळतो.

या दुसऱ्या जागरणाला हल्ली एक झोकदार नाव मिळालंय. चिनी भाषेत त्याला ‘बाओफूशिंग आओये’ म्हणतात, म्हणजे सूड म्हणून केलेलं जागरण. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस अशी ‘९९६’ नोकरी करणारी तिकडची पोरं. दिवस कंपनीनं खाल्ला, म्हणून रात्रीवर सूड! २०२० मध्ये एका पत्रकार बाईंच्या ट्वीटमुळे हे नाव जगभर गेलं. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, नेदरलंड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या फ्लोर क्रूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सवयीवर शोधनिबंध लिहिला होता. त्यातली व्याख्या साधारण अशी: बाहेरचं काही कारण आड येत नसताना, ठरवलेल्या वेळेपेक्षा उशिरा झोपायला जाणं.

माझं भांडण या ‘बाहेरचं काही कारण नसताना’शी आहे. रात्री एक वाजता खोलीत डोकावलं तर खरंच कारण दिसत नाही. ते सकाळपासून पाहिलं तर दिसतं.

पुण्यातल्या आयटीवाल्याचा एक साधा दिवस घ्या. सकाळी आवराआवर, मग हिंजवडी नाहीतर खराडीच्या रस्त्यावर तास-दीड तास. दिवसभर मीटिंगा. अमेरिकेतला क्लायंट उठतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते, त्यामुळे खरा कॉल रात्री साडेआठ-नऊला. मग जेवण, घरी फोन, उद्याचे कपडे. अकरा वाजतात. या सगळ्यात ‘माझा’ म्हणावा असा वेळ किती? शून्य. अकराला पहिल्यांदा कुणी काही मागत नाही. अशा वेळी ‘झोप आता’ म्हणणं म्हणजे दिवसभर राबलेल्याला पगाराच्या खिडकीशी आल्यावर ‘उद्या या’ म्हणण्यासारखं आहे.

आता यात एडीएचडी घाला. मला तो आहे. निदान सव्विसाव्या वर्षी झालं, त्याआधी शाळेत ‘हुशार आहे पण धांदरट आहे’ या शेऱ्यावर काम भागत होतं. एडीएचडीवाल्याच्या बाबतीत इथे तीन गोष्टी एकावर एक येतात.

एक, शरीराचं घड्याळ. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन सोडायला लागतो आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. एडीएचडी असलेल्या बऱ्याच प्रौढांमध्ये, विशेषतः ज्यांना लवकर झोप लागत नाही त्यांच्यात, ही वेळच पुढे सरकलेली असते. सांद्रा कोय या डच मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात हा फरक सरासरी दीड तासाच्या आसपास निघाला. म्हणजे जगाचे अकरा वाजतात तेव्हा या माणसाच्या शरीरात साडेनऊच वाजलेले असतात. त्याला ‘वेळेवर झोप’ सांगणं सोपं आहे, पण कुणाच्या वेळेवर?

दोन, काळाची जाणीव. रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं सांगत आलेत, की एडीएचडी म्हणजे नुसती लक्षाची कमतरता नाही, तो काळाच्या बाबतीतला आंधळेपणा आहे. या मेंदूला ‘आत्ता’ कळतं आणि ‘आत्ता नाही’ कळतं. उद्या सकाळचा साडेसातचा गजर ‘आत्ता नाही’मध्ये पडतो. तो खरा आहे हे माहीत असतं, पण त्याचं वजन जाणवत नाही.

तीन, थांबणं. एका गोष्टीतून उठून दुसरीला लागणं हेच या मेंदूला जड जातं. झोपणं हे एक काम वाटतं, पण त्यात स्क्रीन बंद करणं, उठणं, दात घासणं, पाणी भरून ठेवणं, दिवा घालवणं अशी पाच-सहा कामं लपलेली असतात. आणि दिवसभर मीटिंगमध्ये लक्ष आहे असं दाखवण्यात, विसरू नये म्हणून सगळं लिहून ठेवण्यात ब्रेक झिजून गेलेले असतात. रात्री अकराला तो ब्रेक शिल्लकच नसतो. नेमकं तेव्हाच आपण त्याच्याकडून निग्रहाची अपेक्षा करतो.

यात गंमत काहीच नाही. रात्रीचा हा तास सावकारी व्याजानं घेतलेला असतो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी विस्कटतं. दोन तासांच्या कामाला चार तास लागतात. ते वरचे दोन तास संध्याकाळ खातात. मग पुन्हा रात्रीकडे हात पसरायचा. आणि पाच तासांच्या झोपेवर सकाळी गाडी चालवणारा माणूस फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही. तेव्हा ‘जागतो तर जागू दे’ असं माझं मुळीच म्हणणं नाही.

म्हणूनच मला लोणीतला पहिला माणूस आठवतो. आंबेगावचा हा पूर्वेकडचा पट्टा कमी पावसाचा, त्यामुळे विहिरीला पाणी आणि मोटरला लाईट हे एकत्र असतील तेव्हा हजर राहणं भाग. शेतीपंपांना वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीनं वीज मिळत आली: काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की माणूस रात्री रानात. आणि हा जुन्नर वनविभाग, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुके, म्हणजे उसात बिबट्या. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती.

आता बघा, या शेतकऱ्याला कुणी झोपेच्या शिस्तीवर भाषण दिलं का? ‘रात्री दहानंतर मोटर चालू करायची नाही असा मनाचा निश्चय करा’ असं कुणी म्हटलं का? कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्याला गावाबाहेर घालवलं असतं. मागणी सरळ होती: आम्हाला दिवसा लाईट द्या. सरकारलाही ती पटली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. ती कुठं कितपत पोचली हा वेगळा विषय. पण रात्रीचं दुखणं रात्री सुटत नाही, त्यासाठी दिवसाचा पुरवठा बदलावा लागतो, हे तत्त्व सगळ्यांनी मान्य केलं.

‘कुठं शेतकरी आणि कुठं एसीतले तुम्ही’ असं कुणाच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. त्याच्या वाटेवर साप आणि बिबट्या आहे, माझ्या वाटेवर चार्जर. दुःखाची बरोबरी मी करतच नाही. मी फक्त मागणीचा आकार उसना घेतोय. ज्याच्या वाट्याला दिवस येत नाही तो रात्र घेतो, आणि त्याची रात्र सोडवायची तर त्याला दिवसातला वाटा द्यावा लागतो.

घरातल्या बायकांना यात काही नवीन वाटणार नाही. ओटा आवरून, विरजण लावून, सगळे झोपल्यावर दिवाळी अंक उघडणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यांना कुणी मानसशास्त्रातलं नाव दिलं नव्हतं. ‘आईला रात्रीच वाचायला आवडतं’ असं आपण खुशाल म्हणायचो.

तर मंडळी, दिवसा लाईट म्हणजे नक्की काय?

कंपनीच्या पातळीवर दोन गोष्टी. ज्याचं घड्याळ दीड तास पुढे आहे त्याला साडेनऊऐवजी अकराला काम सुरू करू द्या, कामाचे तास तेवढेच राहतील. आणि रात्रीचा कॉल असेल तर त्याची भरपाई सकाळी द्या. कायद्याची दिशा मात्र उलटी दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांतले रोजचे कमाल तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. दुसरीकडे, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी आधी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. पण संसदेत शेवटचं खासगी विधेयक मंजूर झालं ते १९७० मध्ये! त्यामुळे कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा मॅनेजरशी बोललेलं बरं.

घराच्या पातळीवर एकच. कामावरून आल्यावर अर्धा तास त्या माणसाला काही विचारू नका, आणि तो अर्धा तास घरातल्या बाईलाही तसाच मिळतोय ना हे बघा. रात्री एकचा वेळ संध्याकाळी सातला मिळाला तर त्याचं व्याज पडत नाही.

स्वतःच्या पातळीवर, आपला वेळ कॅलेंडरमध्ये आधी टाका, बाकीची कामं नंतर. आवडीचं काम दिवसाच्या शेवटी ‘उरलं तर’ ठेवलं की ते रात्रीतच जाणार. दात घासण्यासारखी कामं नऊ वाजताच उरकून घ्या, म्हणजे झोपणं हे एकच काम राहील.

हे सगळं करूनही एडीएचडीवाला अधूनमधून जागणारच. घड्याळाचा भाग कॅलेंडरनं सुटत नाही. त्याला सकाळचं ऊन, ठराविक वेळेला उठणं आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध लागतं. आणि हे वाचून ‘अरेच्चा, मलाही एडीएचडी आहे’ असं वाटलं असेल तर जरा थांबा. रात्री जागणारा प्रत्येक जण एडीएचडीवाला नसतो. त्याची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि निदान मनोविकारतज्ज्ञ करतात, रील नाही.

असो. पण निदान असो वा नसो, पुढच्या वेळी घरातला कुणी रात्री एकला जागा दिसला, तर त्याच्या हातातला मोबाईल काढून घेण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: ‘आज दिवसात तुला स्वतःचा वेळ कधी मिळाला होता?’ उत्तर आलं नाही, तर भांडण मोबाईलशी नाहीये.