हेल्मेट आरशाला नाही, डोक्याला!

व्हिडिओत राहिलेलं इथे स्पष्टच बोलतो.

घाटकोपरच्या माझ्या दुकानातला डिलिव्हरीचा नवा मुलगा हेल्मेट आरशाला अडकवायचा. म्हणे, "दादा, डोकं दुखतं." ओरडणार होतो, मग लक्षात आलं, सगळ्यांसाठी एकाच मापाची हेल्मेटं मीच आणली होती!

मुंबईत ९ जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यावरही हेल्मेटची कारवाई सुरू झाली. पण दंडाच्या भीतीने घातलेलं हेल्मेट पोलीस मागे पडला की उतरतं. माझं मत सरळ आहे, सवय दंडाने नाही, मापाने लागते.

आयएसआय मार्क बघा. गालाला घट्ट बसू द्या, आतला फोम वापराने थोडा सैल होतो. कपाळ दुखलं तर आकार चुकला. घेण्याआधी पंधरा-वीस मिनिटं घालून बघा. पट्ट्याखाली दोन बोटं मावली की बस्स. ग्लोव्हज घालून ब्रेक-क्लच दाबून बघा. आपल्या दमट हवेत जॅकेट जाळीचंच घ्या. आधी आतल्या गल्ल्या, मग एलबीएस मार्ग.

माल पाठवताना बिल तपासता ना? मग मुलाचा पट्टाही तपासा. फुटलेला माल परत मागवता येतो.