थांबण्याची ऐपत

माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. ओझे माथ्यावर असते हे खरे, पण ते तोलून धरण्याचे काम मान करते. ट्रकच्या फाळक्याशी पोते घेताना पाय फळीवरून घसरतो, थप्पी ढासळते, किंवा वरून सोडलेले पोते हमाल सावरण्यापूर्वीच त्याच्या खांद्यावर आदळते. मानेला हिसका बसतो. त्या दिवशी माणूस काम पुरे करून घरी जातो. दोन-तीन दिवसांनी खांद्यापासून बोटांपर्यंत विजेसारखी कळ जाऊ लागते, अंगठा बधिर होतो, हात डोक्यावर घेतल्याखेरीज रात्री झोप लागत नाही. ‘गादी सरकली’ हे निदान प्रथम टोळीतच होते. डॉक्टर त्यावर नंतर शिक्कामोर्तब करतात.

निदान बहुधा बरोबर असते, परंतु शब्द फसवा आहे. मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेर चिवट कडे आणि आत मऊ गर असलेली चकती. कडे फाटले की गर बाहेर येतो आणि शेजारून हाताकडे जाणाऱ्या नसेला दाबतो व सुजवतो. मानेच्या सात मणक्यांपैकी पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा यांच्यामध्ये हे अधिक घडते. ‘सरकली’ म्हटले की कोणी तरी ती पुन्हा जागेवर बसवील अशी आशा उत्पन्न होते. मग पावले हाडवैद्याकडे वळतात किंवा चंपी करून कडकन मान मोडणाऱ्या न्हाव्याकडे. ताज्या दुखापतीत हा प्रयोग अतिशय महाग पडू शकतो. बाहेर आलेला गर कोणाच्याही ढकलण्याने आत जात नाही. शरीर मात्र पुष्कळदा तो हळूहळू शोषून घेते. त्यासाठी आठवडे लागतात, कधी महिने लागतात, आणि या आजाराच्या उपचाराचा सारा प्रश्न या कालावधीशी येऊन थांबतो.

वैद्यकाने याबाबत जे पाहून ठेवले आहे ते पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९७६ ते १९९० या काळातील अशा ५६१ रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यावर शस्त्रक्रिया झाली होती. आणि सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता शेवटच्या तपासणीच्या वेळी दहांपैकी नऊ जणांना काहीच त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घकाळ हातात कळ असलेल्या ८१ रुग्णांचे तीन गट केले गेले: एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला व्यायामोपचार, तिसऱ्याला मानेचा पट्टा. तीन-चार महिन्यांनी शस्त्रक्रियेचा गट वेदनेच्या बाबतीत पुढे होता. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरते असे मात्र नव्हे. हाताची शक्ती दिवसेंदिवस कमी होत असेल, सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली असतील, चालताना पाय ताठरत किंवा लटपटत असतील, लघवीवरचा ताबा सुटू लागला असेल, तर दाब नसेवर नसून खुद्द मज्जारज्जूवर आहे अशी शंका घ्यावी लागते. अशा माणसाला ‘थोडे थांबून पाहा’ असे सांगणे हा अपराध आहे. सहा आठवडे ते तीन महिने नीट उपचार करूनही वेदना जगू देत नसेल, तरी शस्त्रक्रियेचा मार्ग योग्य ठरतो. गळ्याच्या पुढच्या बाजूने शिरून चकती काढायची आणि दोन मणके एकमेकांना जोडायचे, ही पद्धत १९५० च्या दशकापासून रूढ आहे आणि ती बव्हंशी सुरक्षित आहे. काही रुग्णांचा आवाज काही काळ बसतो, गिळताना त्रास होतो. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या सांध्यांवर पुढे अधिक भार येतो असे अनेक तज्ज्ञ मानतात. अशा रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांशांना दहा वर्षांत तेथे नवा त्रास होईल, असा अंदाज १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासाने दिला होता. कचेरीत बसणाऱ्याने हा धोका पत्करणे वेगळे आणि ज्याला पुन्हा पोत्याखाली मान द्यायची आहे त्याने पत्करणे वेगळे. शस्त्रक्रियेने नस मोकळी होते, पोते हलके होत नाही.

तेव्हा मज्जारज्जूला धोका नसेल तर पहिले काही आठवडे थांबणे, वेदनाशामक औषध घेणे, व्यायामोपचार करणे आणि ओझ्यापासून दूर राहणे हे शहाणपणाचे. पण हे शहाणपण विकत घ्यावे लागते, आणि त्याची किंमत मजुरीत मोजावी लागते.

कारखान्यातला कामगार राज्य कामगार विमा योजनेखाली असेल तर कामावरच्या दुखापतीमुळे घरी बसल्यावर त्याला वेतनाच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. त्याला डॉक्टरांचे म्हणणे ऐकता येते. ज्याला हे छत्र नाही त्याच्यासाठी १९२३ चा भरपाईचा कायदा होता. त्याची चौकट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने बव्हंशी तशीच उचलली आहे. या चौकटीत तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे महिन्याकाठी अर्धे वेतन द्यायचे असते. तेही मालकाने जबाबदारी मान्य केली तर. नाही तर आधी दावा, मग तारखा. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने मंडळे मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, भरपाईच्या कायद्याचे संरक्षणही मिळाले. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचे हे मोठे यश होते. परंतु टोळीची मजुरी टोळीत वाटली जाते. जो कामावर नाही त्याचा वाटा त्यात नसतो. आणि ज्यांची नोंदणीच कोठे झालेली नाही असे बाजारातले, वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे ओझेकरी तर या हिशेबाच्याही बाहेर आहेत.

दुसऱ्या बाजूला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार ही योजना देते आणि तिने असंख्य घरे कर्जातून वाचविली आहेत. मात्र तिची रचना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती केलेली आहे. सहा आठवडे घरी बसून, दिवसाआड व्यायामोपचाराला जाण्याचा खर्च तिच्या साच्यात बसत नाही. बुडालेली मजुरी बसण्याचा तर प्रश्नच नाही. परिणाम असा की गरीब माणसाला शस्त्रक्रिया फुकट पडते आणि थांबणे महाग पडते. ‘डॉक्टर, एकदाचे ऑपरेशन करून टाका’ असे तो म्हणतो तेव्हा संमतीपत्रावर त्याची सही असते. ती सही कशाने करवून घेतली हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

मालकाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: गादी आधीच झिजलेली होती, वयाने झाली, अपघाताने नव्हे. या आक्षेपाला आधार आहे. जपानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचा एम. आर. आय. काढला, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या मानेतील चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे केवळ छायाचित्र पाहून शस्त्रक्रिया ठरविणारा डॉक्टर जितका चुकतो, तितकाच केवळ छायाचित्र पाहून भरपाई नाकारणारा मालकही चुकतो. काल पोते वाहणारा माणूस आज अंगठ्याने चिमूट धरू शकत नाही, हा फरक त्या छायाचित्रात सापडायचा नाही. कायद्याने हे फार पूर्वी ओळखले आहे. ब्रिटनमध्ये १९१० साली लॉर्डांच्या सभेपुढे एका कामगाराचे प्रकरण आले. त्याची रोहिणी आधीच फुगलेली होती आणि पान्याने नट आवळताना ती फुटून तो मेला. रोजच्यासारखे काम करताना झालेला असला तरी तो अपघातच, असा निर्णय झाला. मुंबई उच्च न्यायालयातही १९५० च्या दशकात न्या. छगला यांनी हृदयविकार जडलेल्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात हाच धागा धरला: कामाच्या श्रमाने मूळ दुखण्याला हातभार लावला असेल, तर जबाबदारी टळत नाही. झिजलेल्या मानेला हा न्याय लागू होऊ नये असे कोणतेही कारण दिसत नाही.

जखमी माणसाला आणखी एक भीती घातली जाते. शस्त्रक्रियेला नकार दिलास तर भरपाई जाईल, असे त्याला मुकादमापासून कारकुनापर्यंत कोणीही सांगतो. कायद्यात आहे ते निराळे. मालकाने विनामूल्य देऊ केलेले उपचार कामगाराने नाकारले, तो नकार अवाजवी होता आणि त्यामुळे दुखापत वाढली, एवढे सारे सिद्ध झाले तर वाढलेल्या भागाचा भार मालकावर येत नाही. वर दिलेले आकडे ध्यानात घेता, हातापायांची शक्ती शाबूत असताना पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रियेला नाही म्हणणे अवाजवी कसे ठरेल? डॉक्टरांकडे न जाणे, किंवा पट्टा काढून पुन्हा थप्पीवर चढणे, हे मात्र अंगाशी येऊ शकते. आणि पोटासाठी नेमके तेच केले जाते.

भरपाईचा दावा चालू असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा गुण कमी येतो, असे २००५ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून दाखविण्यात आले. याचा अर्थ काहींनी ‘कामगार सोंग करतो’ असा लावला. ज्याला आपले दुखणे प्रत्येक तारखेला नव्याने सिद्ध करावे लागते त्याला ते विसरण्याची सोय नसते, हा अर्थ त्यांना सुचला नाही. दावा लवकर निकालात निघणे हा या आजाराच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे. निदान अर्धे वेतन तरी वाद मिटण्याची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यापासून सुरू झाले पाहिजे, आणि मंडळांनी आपल्या निधीतून त्यात भर घालून ते विमा योजनेच्या जवळपास नेले पाहिजे. तीन महिन्यांच्या मजुरीची बेरीज एका शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी मांडून पाहिली, तर ही मागणी उधळपट्टीची वाटणार नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली पुरुष कामगारासाठी ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. शंभर किलोचे पोते जाऊन पन्नास किलोचे आले, यामागे हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे केलेले भांडण आहे. त्या पन्नास किलोच्या किती खेपा दिवसात व्हाव्यात याविषयी मात्र कोणी काही ठरविलेले नाही. आणि तीन महिन्यांनी, शस्त्रक्रिया होवो वा न होवो, हमालाच्या हाती जो कागद पडतो त्यावर डॉक्टरांनी लिहिलेले असते: ‘हलके काम द्यावे.’ तो कागद घेऊन तो बाजारात मुकादमापुढे उभा राहतो. टोळीत हलके काम नसते, हे दोघांनाही ठाऊक असते.