रोटरची जन्मतारीख

मंडळी, माझं पोटापाण्याचं काम म्हणजे इथल्या अमेरिकन लॅबमधली यंत्रं सांभाळणं. त्यामुळे भारतातल्या ओळखीच्या प्राध्यापकांची वर्षातून एखादी तरी मेल येतेच : "तुमच्याकडे सेंट्रीफ्यूजचे जुने रोटर टाकून देतात म्हणे. चांगल्या स्थितीतला एखादा आमच्या कॉलेजला पाठवता येईल का?" माझं उत्तर दर वेळी "नाही" असतं. मग "अमेरिकेत जाऊन शहाणे झालात!" असा टोमणा ऐकावा लागतो. पण रोटरच्या बाबतीत "चांगली स्थिती" डोळ्यांना दिसत नाही, हे एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

रोटर म्हणजे सेंट्रीफ्यूजमध्ये फिरणारा, नळ्या बसवायचा धातूचा गठ्ठा. आपल्या दूध सोसायटीत फॅट काढायचं जुनं मशीन पाहिलं असेल, त्याचाच हा दांडगा भाऊ. त्रिज्या १० सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला ३०,००० फेरे धरला, तर नळीतल्या द्रवावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट जोर येतो. म्हणजे एका ग्रॅमचा थेंब १०० किलोच्या पोत्यासारखा रोटरला बाहेर ओढतो. यंत्र थांबलं की ताण शून्य, पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेवढाच. तार वाकवून-सरळ करून तोडतो ना आपण, तोच प्रकार. अॅल्युमिनियमला तर "एवढ्या ताणाखाली कितीही वेळा चालेल" अशी सुरक्षित पातळीच नसते. प्रत्येक फेरीला आयुष्य थोडं खर्च होतं, आणि वरून रोटर नव्यासारखा चकचकीत दिसत राहतो.

१६ डिसेंबर १९९८ रोजी कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने फिरवताना अॅल्युमिनियमचा एक मोठा रोटर तासाभराने फुटला. तोच रोटर त्याच कामाला आधी कितीतरी वेळा वापरलेला होता! अर्धा इंच जाडीचं पोलादी झाकण वाकलं, तुकडे भिंतीत आणि छतात घुसले, शेजारचा फ्रीज कामातून गेला, खोलीच्या चारही खिडक्यांच्या काचा फुटल्या. खोलीत त्या वेळी कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. चौकशीत निघालं काय? तो रोटर त्या मॉडेलच्या यंत्रासाठी मान्यच नव्हता. दांड्यावर बसतो म्हणजे चालतो, असं नसतं.

म्हणून रोटर घेताना किंमत नंतर, आधी तीन गोष्टी बघाव्यात : यंत्राच्या कंपनीच्या मान्य यादीत तो आहे का, तो कोणत्या साली बनला, आणि किती वेळा कोणत्या वेगाने फिरला याची वही आहे का. टाकून दिलेल्या रोटरबरोबर ती वही जवळजवळ कधीच येत नाही. (इकडेही शिस्त सगळीकडे असते असं समजू नका. ऑनलाइन लिलावात असे बेवारशी रोटर सर्रास विकले जातात. शहाण्या लॅब आयुष्य संपलेल्या रोटरला भोक पाडूनच भंगारात देतात.) टायटॅनियमचा रोटर गंजाला दाद देत नाही, पण महाग. कार्बन फायबरचा हलका, पण त्याला ओरखडे आणि काही रसायनं चालत नाहीत.

कॉलेजचं बजेट मला माहीत आहे हो. फुकटची वस्तू नाकारायची म्हणजे काही प्रयोग मुलांना फक्त पुस्तकात वाचावे लागणार, हेही कळतं. तरी माझं मत हेच की त्या पैशात आणि त्या जागेत नवीन छोटं टेबलावरचं मशीन घ्यावं. पेशी किंवा डीएनए तळाला बसवायचे प्रयोग त्यात आरामात होतात. बिननोंदीचा रोटर चालवताना यंत्राशेजारी उभी असतात ती मुलंच.

निगा राखायला मात्र पैसे लागत नाहीत. सांडलेलं मीठपाणी लगेच धुवा, कारण क्लोराइडने नळीच्या खाचेच्या तळाशी बारीक खड्डे पडतात आणि भेग तिथूनच सुरू होते. तारेचा ब्रश आणि कडक साबण अजिबात नको, वरचा संरक्षक थर निघून जातो. सौम्य साबण, मग डिस्टिल्ड पाणी, मग झाकण काढून रोटर उलटा वाळत ठेवा. नळ्या समोरासमोर, वजन जुळवून. द्रव १.२ घनतेपेक्षा जड असेल तर वेग कमी करा. सीझियम क्लोराइडच्या १.७ घनतेच्या द्रावणाला कमाल वेगाच्या साधारण ८४ टक्केच.

ज्यांच्या कपाटात असा वारसा नसलेला रोटर आधीच पडून आहे, त्यांनी त्यावर कोरलेला मॉडेल आणि सिरियल नंबर कंपनीला कळवून बनल्याचं साल विचारावं. उत्तर येईपर्यंत तो कपाटातच राहू द्या.