बोटांवरचे शंख-चक्र

सातवीच्या वर्गात आम्ही शाईचे पॅड घेऊन बोटांचे ठसे उमटवले. घरच्यांचे ठसेही वहीत आणायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही मिटूनच बसली. मधल्या सुट्टीत हळूच म्हणाली, "मॅडम, अम्मी-अब्बू दोघांच्या अंगठ्यावर चक्र आहे. माझ्या शंख. चाची म्हणाल्या, ही नक्की आपलीच ना?"

चाचीने थट्टाच केली असणार. पण पोर रात्रभर झोपली नव्हती. वारंगा फाट्यावर काय नि इतरत्र काय, असली थट्टा घरोघरी चालते, म्हणून हे लिहिते आहे.

रेषा गोल फिरल्या की चक्र. एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परतल्या की शंख. नुसत्याच उंचावून पलीकडे गेल्या की कमान. साधारण शंभर बोटांत साठ-पासष्ट शंख, तीस-पस्तीस चक्रे आणि पाचेक कमानी आढळतात. यात घराण्याचा वाटा मोठा आहे. पण तो एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा आहे. त्यामुळे चक्रवाल्या आई-बापांच्या लेकीला शंख येऊ शकतो.

या रेषा आईच्या पोटात, साधारण दहाव्या आठवड्यापासून घडू लागतात. त्या वेळी बोटाच्या टोकावरची गादी जास्त फुगीर असेल तर बहुधा चक्र उमटते. रेषांचे बारीक फाटे मात्र प्रत्येक बोटावर निराळेच घडतात. म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे सारखे नसतात.

याच वेगळेपणावर १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उभे राहिले. तिथे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डे दिली गेली, ती याच भरवशावर.

मी त्या मुलीला म्हटले, "बेटा, ठशावरून माणूस ओळखतात, बाप नाही. आता चाचीचे आणि तिच्या मुलांचे ठसे घेऊन ये."

सोमवारी ती हसतच आली. चाचीच्या अंगठ्यावर कमान होती, तिच्या दोन्ही मुलांच्या अंगठ्यांवर शंख.

भगिनींनो, आपण थट्टा करून विसरतो. मुले ती उशाशी घेऊन झोपतात.